पाच पिशव्यांचा चेस्टर

चेस्टर पिएत्राकचं वजन दोनशे पौंड होतं. हा आकडा त्याला सैन्यातून सुटताना मिळाला होता. त्याच वेळी मिळालेलं कांबळं पुढे कुत्र्याने फाडलं, बूट एका हिवाळ्यात गेले, आकडा मात्र टिकला. मग लग्न झालं, मुलगी झाली, मोटार कारखान्यातली नोकरी होऊन निवृत्तीही झाली. मधल्या काळात पँट्स बदलल्या, पट्टे बदलले, जेवणाच्या टेबलाची त्याच्या बाजूची खुर्ची दोनदा बदलावी लागली. चेस्टर दोनशेच राहिला. कुणी विचारलं तर जन्मतारीख सांगावी तितक्या सहजपणे तो वजन सांगायचा, आणि जन्मतारखेप्रमाणेच ते पुन्हा तपासून पाहायची गरज त्याला कधी वाटली नाही.

कारखान्यात त्याचं काम डॅशबोर्डातल्या खणाचं झाकण बसवायचं. जन्मभर त्याने झाकणंच बसवली. त्यामुळे नॉर्थ ब्रॅडी गावात मोटारींमधला जाणकार म्हणून त्याचं नाव होतं, आणि झाकणापुरतं बोलायचं तर ते रास्तही होतं.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे अडुसष्ट सालची ओल्ड्समोबाइल फोर-फोर-टू. बाटलीसारखी हिरवी, लांबलचक नाकाची, आणि नाकात गावाचं पाणी उपसता येईल एवढं इंजिन. खरं तर चेस्टर त्या दिवशी घरातून निघाला होता तो स्टेशन वॅगन आणायला. बायकोला, जेनेव्हीव्हला, सातवा महिना होता. तो ही घेऊन आला. जेनेव्हीव्हने गाडीभोवती एक फेरी मारली.

“मागचं दार कुठंय?”

“हिला मागचं दार नसतं.”

“मग मूल कुठून जाणार?”

“पुढून. सीट वाकवायची.”

“आणि मी?”

“तू पुढेच बसणार ना!”

जेनेव्हीव्ह पुढे बसली, आणि तेव्हापासून उजवीकडची ती सीट तिची झाली. बसल्या बसल्या तिने दाराची मूठ धरली, कारण गाडीला डावीकडे सरकायची खोड होती. ती खोड चेस्टरच्या हातांना लवकरच सवयीची झाली. स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरलं की गाडी सरळ जाते, यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. जेनेव्हीव्हलाही मुठीची सवय झाली. मुलगी मॅरियन मागच्या सीटवर वाढली, सीट वाकवून बाहेर पडली आणि लग्न करून फिनिक्सला गेली. घरात आता टीव्ही होता, त्यामुळे घरात दोघं फारशी बोलत नसत. गाडीतला रेडिओ बरीच वर्षं बंद होता, त्यामुळे संसार मुख्यतः गाडीत चालायचा. रविवारी जेवण झालं की दोघं तळ्यापर्यंत जायची. जाताना जेनेव्हीव्ह मागच्या आठवड्यातल्या चेस्टरच्या चुका सांगायची, येताना पुढच्या आठवड्यातल्या.

आता उत्सवाचं सांगायला हवं.

ऑगस्टमध्ये नॉर्थ ब्रॅडीच्या पोलिश चर्चचा उत्सव भरतो. सकाळी प्रार्थना, दुपारी पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणि पिएरोगी जिरायच्या आत टाउनलाइन रोडवर ‘हात सोडणं’. गावात ज्यांच्याकडे जुन्या ताकदवान गाड्या आहेत ते सगळे रांगेने उभे राहतात. एकेकाने गाडी ताशी तीस मैलांच्या वेगावर आणायची, स्मशानाच्या फाटकापाशी स्टेअरिंग सोडायचं, आणि गाडी हात न लावता कुठवर सरळ जाते ते पाहायचं. रस्ता दोन्ही बाजूंनी अग्निशमन दलाची पोरं बंद करतात, कारण एरवी त्यांनाही काही काम नसतं. पूर्वी सोडलेले हात मांडीवर ठेवायचा नियम होता. पण गुडघ्याने स्टेअरिंग दाबून वर येशूची शपथ घेणारे इतके निघाले की शेवटी चर्चच्या बायकांनी नियमच बदलला. सोडलेले दोन्ही हात शेजारी बसलेल्या बाईच्या हातात द्यायचे. तिने हात सोडले की फेरी संपली, गाडीने रस्ता सोडला की फेरी संपली. सगळ्यात लांब जाईल त्याला सॉसेजची एक माळ आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत बोलायचा अधिकार.

मागच्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या उत्सवात, चेस्टरने हात सोडले आणि गाडीने स्मशानाची भिंत संपायचीही वाट पाहिली नाही. ती सरळ डावीकडे वळली, रस्ता ओलांडला, उथळ चर ओलांडला आणि हार्लन डेव्रीजच्या शुगरबीटात जाऊन उभी राहिली.

हार्लन डच होता, चर्च त्याचं वेगळं होतं, पण पिएरोगीच्या बाबतीत तो धर्मभेद मानत नसे. त्याची प्लिमथ त्या वर्षी पहिली आली होती. तो सॉसेजची माळ गळ्यात घालूनच शेतात आला.

“युनियनवाल्याची गाडी ती,” तो म्हणाला. “डावीकडेच जाणार.”

“तुझा रस्ता वाकडा आहे, हार्लन.”

“रस्ता सरकारचा. बीट माझे. बाहेर काढताना जपून, एकेक बीट ओळखतो मी.”

जेनेव्हीव्ह दुसऱ्या बाजूने उतरली. चांगल्या बुटांनी चिखलात उतरावं लागलं होतं, तरी ती ओरडली नाही. चेस्टरला तिथेच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“चेट,” ती म्हणाली, “तीस वर्षं मी या गाडीत मूठ धरून बसले. दोन मुठी तुटल्या. पुढच्या वर्षी मी माझ्या बहिणीच्या ब्यूकमध्ये बसेन. कंटाळवाणी आहे, पण रस्त्यावर असते.”

“आणि मी हिला सरळ केलं तर?”

“तर बसेन. आधी सरळ चालवून दाखव.”

त्या रविवारी ती तळ्याला आली नाही. चेस्टर एकटाच गेला. जातानाच्या चुका कुणी सांगितल्या नाहीत, येतानाच्याही नाहीत. शेजारच्या सीटला वर्षानुवर्षांचा खळगा पडलेला होता आणि त्यात कुणी नव्हतं. सॉसेज त्याला दुकानातही मिळाले असते. ही सीट मात्र अशी रिकामी राहिली तर गाडी ठेवायची कशाला, हे त्याला सांगता येईना.

थंडी पडली तसा चेस्टर गॅरेजमध्ये गेला आणि जवळजवळ वसंतातच बाहेर आला. त्याने पुढचे बुश बदलले, बॉलजॉइंट बदलले, स्टेअरिंगच्या दांड्यांची टोकं बदलली. टायर डावीकडचे उजवीकडे घातले, मग उजवीकडचे डावीकडे. हार्लन अधूनमधून कॉफीचा कप घेऊन यायचा आणि पालथ्या बादलीवर बसून मदत करायचा. त्याच्या मदतीत हात लावणं येत नव्हतं.

“माझ्या प्लिमथला हे काही लागत नाही,” तो सांगायचा.

“तुझी प्लिमथ सरळ जाते कारण तिला वळताच येत नाही.”

बर्फ वितळल्यावर मुख्य काम उरलं, ते पुढच्या चाकांची अलाइनमेंट. शहरात यंत्रावर पाच-दहा मिनिटांत करून देणारे होते, पण त्यांच्याकडे जाणं म्हणजे आपली गाडी परक्याला समजली असं कबूल करणं, आणि नॉर्थ ब्रॅडीत तसं कुणी करत नाही. चेस्टरने घरीच मांडामांड केली. गॅरेजची फरशी उताराची होती, म्हणून जिथे चाक टेकतं तिथे स्वयंपाकघरातल्या जुन्या लिनोलियमच्या लाद्या एकावर एक रचून त्याने चारी चाकं एका पातळीत आणली. पुढच्या चाकांखालच्या लाद्यांमध्ये ग्रीस चोपडलं, म्हणजे चाक अडून न बसता हवं तसं सरकेल. मग गाडीच्या दोन्ही अंगांना मासेमारीची दोरी ताणून बांधली. दोरीपासून चाकाची पुढची कड किती, मागची किती, हे मोजलं की चाकं एकमेकांकडे बघताहेत की एकमेकांवर रुसलीत ते कळतं.

चाकाचा उभा कल ही वेगळी भानगड. चाकाला वरून धरणारा जो हात असतो तो चासीला दोन बोल्टांनी जखडलेला असतो, आणि मध्ये लोखंडाच्या पातळ चकत्या असतात. त्यांना शिम म्हणतात. एक घातली किंवा काढली की चाकाचा माथा नखभर आत किंवा बाहेर झुकतो. ज्या चाकाचा माथा जास्त बाहेर, त्या चाकाकडे गाडी ओढ घेते. एवढं समजलं की सोपं आहे. फक्त कल नीट केला की दोरीचं माप बिघडतं, दोरीचं माप नीट केलं की कल पुन्हा पाहावा लागतो, आणि हे सगळं पाठीवर झोपून करायचं असतं. चेस्टरचं पोट गाडीखाली शिरताना नेहमी एकदा अडायचं. गाडी पूर्वीपेक्षा खाली बसलीय, अशी त्याची समजूत होती.

जुन्या जाणत्यांचा आणखी एक नियम होता. रिकाम्या गाडीची चाकं सरळ करू नयेत, माणसं बसलेली असताना करावीत, कारण माणसाच्या भाराने गाडी दबते आणि चाकांचा कल बदलतो. पण ज्याने बसायचं त्यानेच खाली झोपून मोजायचं असेल तर काय? यावर गावात सर्वमान्य तोड होती. पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायचं खडेमीठ प्रत्येक घरात असतंच. त्याची पिशवी चाळीस पौंडांची. माणसाच्या वजनाइतक्या पिशव्या सीटवर ठेवायच्या.

चेस्टरने आपल्या सीटवर पाच पिशव्या ठेवल्या. हिशेबाला वेळ लागला नाही.

जेनेव्हीव्हच्या सीटपाशी तो थांबला. तिचं वजन त्याने एकदाच, चौऱ्याहत्तर साली, विचारलं होतं. उत्तर अजून यायचं होतं, आणि त्या दिवशी जेवणही आलं नव्हतं. म्हणून त्याने आठवून पाहिलं. लग्नाच्या दिवशी त्याने तिला उचलून उंबरठा ओलांडला होता. त्याने एक पिशवी उचलली, नंतर दोन, मग तीन एकदम. तिसरीला हातांनी ओळख दिली. तीन.

हार्लनने बादलीवरून मान वाकवून आत पाहिलं.

“ही डावीकडची कोण?”

“मी.”

“आणि ती?”

“जेन.”

हार्लनने कॉफीचा एक सावकाश घोट घेतला. “दोघंही बारीक झालात,” तो म्हणाला.

चेस्टरने लक्ष दिलं नाही. प्लिमथवाल्यांचा मत्सर त्याला ठाऊक होता.

पिशव्यांनिशी चाकं अशी काही जुळली की दोरी, पट्टी आणि चेस्टर तिघांचं एकमत झालं. त्याने पिशव्या उतरवल्या, गाडी टाउनलाइन रोडवर नेली, हात सोडले. गाडी डावीकडे गेली.

तो जेवणाच्या टेबलावर बसला तेव्हा त्याच्या कोपराला ग्रीस होतं आणि जेनेव्हीव्हने ते पाहिलं होतं.

“गेली का सरळ?”

“जाईल. तू बसली नव्हतीस ना! तुझा भार धरून जुळवलीय मी. तू बसलीस की सरळ जाईल.”

“सरळ गेली की मी बसणार.”

“पण तू बसल्याशिवाय ती सरळ जाणार कशी?”

“हे तू गाडीला विचार, चेट. तिच्याशी तुझं जास्त बोलणं असतं.”

हा गुंता सोडवायला चेस्टरने तीन पिशव्या पुन्हा उजव्या सीटवर ठेवल्या, पट्ट्याने बांधल्या, आणि मीठ सांडून सीट खराब होऊ नये म्हणून वर जेनेव्हीव्हचा जुना निळा रेनकोट पांघरला. अशा थाटात तो आठवडाभर फिरला. टपाल वाटणारी बाई रेनकोटला हात करायची. चेस्टरही तिला हात करायचा, कारण त्याचे हात तसेही मोकळे असत. गाडी मात्र रोज डावीकडे जायची. फरक एवढाच की आता जरा उशिरा जायची.

उत्सवाला थोडेच दिवस राहिले होते. बहिणीने ब्यूक धुऊन ठेवल्याचं जेनेव्हीव्हने दोनदा सांगितलं.

उत्सवाच्या आधी चर्चच्या तळघरात बायका पिएरोगी करायला जमतात. बटाटे उकडायचे, पीठ लाटायचं, सारण भरायचं, कडा मुडपायच्या, आणि गावातलं जे काही असेल ते सगळं बोलून घ्यायचं. या सगळ्यावर बुशा स्तेफानियाची देखरेख. बुशा म्हणजे आजी. नव्वदीच्या उंबरठ्यावरची ही बाई गावातल्या कुणाचीच आजी नव्हती, त्यामुळे सगळ्यांची होती. कोपऱ्यात लोखंडी तराजू ठेवलेला असे, खाली चौथरा आणि वर दांडीवर सरकणारं वजन. बटाट्याचं पोतं तिच्या डोळ्यांदेखत त्यावर चढल्याशिवाय चुलीवर जात नसे.

“जेनेव्हीव्ह,” बुशा पीठ मळता मळता म्हणाली, “काल तुला रस्त्यावर हात केला. चेस्टरच्या गाडीत होतीस. साधी मान हलवली नाहीस, बये.”

“काल? काल मी दिवसभर इथेच बटाटे सोलत होते, बुशा.”

लाटणी थांबली.

“निळा रेनकोट होता,” बुशा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने पटकन कणकेकडे पाहिलं. “म्हणजे असेल कुणीतरी. रेनकोट काय, कुणाचाही असतो.”

“जराशी बुटकी होती,” पलीकडून कुणीतरी मदत केली.

जेनेव्हीव्हने हात धुतले, एप्रन काढला नाही, आणि घरी गेली. चेस्टर गॅरेजमध्ये पाठीवर झोपलेला होता. तिने गाडीचं दार उघडलं आणि आपला रेनकोट उचलला.

“चेट, बाहेर ये.”

चेस्टर बाहेर आला. पोट एकदा अडलं.

“हे काय आहे?”

“ते... तू आहेस.”

“मी?”

“तू बसत नाहीस ना! म्हणून.”

जेनेव्हीव्हने पिशव्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या, जसा काही पहिल्या वेळी एखादा आकडा लपून बसला असावा.

“तीन?”

“तीन.”

“तुला मी तीन पिशव्यांची वाटते?”

हा प्रश्न कोणत्या बाजूने धोक्याचा आहे हे चेस्टरला कळेना, म्हणून त्याने खरं ते सांगितलं. “मी उचलून पाहिलं. त्या दिवशीसारखं. उंबरठ्यावरच्यासारखं.”

जेनेव्हीव्ह काही वेळ रेनकोटाची घडी घालत राहिली. घडी काही नीट होईना.

“तीन पिशव्यांची बाई होती खरी,” ती शेवटी म्हणाली. “बरी होती. पण ती त्रेसष्ट साली होती, चेट. तू आठवडाभर तिला घेऊन गावभर हिंडतोयस आणि तळघरात माझी लाज निघतेय. आणि तुझ्या? तुझ्या सीटवर किती ठेवतोस मोजताना?”

“पाच.”

“पाच.”

“दोनशे पौंड,” चेस्टर म्हणाला. “म्हणजे पाच.”

जेनेव्हीव्हने त्याच्याकडे आधी समोरून पाहिलं, मग बाजूने. जन्मभर बाजूला बसून तिला तो बाजूनेच जास्त ओळखीचा होता.

“चल माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

तळघरात चेस्टर शिरला तेव्हा लाटणी पुन्हा थांबली. जेनेव्हीव्हने चौथऱ्यावरचं बटाट्याचं पोतं ओढून खाली घेतलं.

“चढ.”

“जेन, हा बटाट्यांचा आहे.”

“म्हणूनच खोटं बोलत नाही. चढ.”

चेस्टर चढला. चढताना खिशातल्या किल्ल्या आणि पाना काढून टेबलावर ठेवले. नंतर टोपीही. बुशा चष्मा लावून पुढे आली. तिने दांडीवरचं वजन दोनशेवर नेलं. दांडी हलली नाही. तिने ते वीस पौंड पुढे सरकवलं, आणखी वीस सरकवलं, शेवटच्या खाचेपर्यंत नेलं. दांडी आभाळाकडे बघत राहिली.

“एवढ्याने भागत नाही,” बुशाने जाहीर केलं. “कोबीच्या वेळचं मोठं वजन आणा गं.”

मोठं वजन आलं. तेवढ्यात फादर बर्नार्ड कॉफीसाठी जिना उतरून खाली आले, चौथऱ्यावरचा चेस्टर पाहिला आणि अर्ध्या पायरीवरच थांबले.

“फादर,” चेस्टर म्हणाला, “हे कन्फेशनमध्ये धरता येईल का?”

“कन्फेशनमध्ये माणूस स्वतःहून सांगतो, चेस्टर. इथे तर तराजू सांगतोय.”

दांडी डुलली, आडवी झाली. “दोनशे अडुसष्ट,” बुशा म्हणाली. सवयीने तिने वर आणखी सांगितलं, “माती धरून.”

चेस्टर चौथऱ्यावर तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मोठा शोध लागलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

“अडुसष्ट पौंड,” तो म्हणाला. “जेन, अडुसष्ट पौंड डावीकडे! गाडी डाव्या अंगाला दबते, चाकाचा माथा बाहेर पडतो, आणि मग ती ओढणार नाही तर काय करणार? हिवाळाभर मी बॉलजॉइंटला शिव्या घालतोय!”

“घरी जाऊन माफी माग त्याची. उतर आता.” जेनेव्हीव्हने एप्रन सारखा केला. “बायांनो, भिंतीकडे तोंडं करा. फादर, तुम्हीपण.”

सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. जेनेव्हीव्ह चौथऱ्यावर चढली, स्वतःच वजन सरकवलं, स्वतःच वाचलं, आणि दांडी परत शून्यावर आणूनच उतरली. मग तिने चेस्टरच्या कानात आकडा सांगितला. चौऱ्याहत्तर सालच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. चेस्टरने मान डोलावली. तो आकडा आजतागायत बाहेर आलेला नाही. त्यानंतर गॅरेजमध्ये उजवी सीट कांबळ्याने झाकलेली असायची, आणि पिशव्या मोजायला म्हणून आलेला हार्लन तीन वेळा नुसती कॉफी पिऊन परत गेला. डावी सीट उघडीच होती. तिच्यावर सहा पिशव्या आणि हत्यारांची पेटी होती.

“आता ओळखू येतोस,” हार्लन म्हणाला.

चेस्टरने पुन्हा दोऱ्या ताणल्या. पुन्हा पोट अडलं, पण या वेळी त्याने गाडीला दोष दिला नाही, जॅकच जरा उंच केला. डाव्या चाकाचा माथा खरोखरच बाहेर पडलेला दिसला. एका शिमेचं काम होतं. तीन पिशव्यांच्या बायकोसाठी आणि पाच पिशव्यांच्या नवऱ्यासाठी जुळवलेली गाडी त्याने आता जी दोघं होती त्यांच्यासाठी जुळवली.

पण सरळ चालवून दाखवायचं कसं? जेनेव्हीव्ह बसल्याशिवाय दाखवता येत नव्हतं, आणि अट तर तशीच होती. उत्सवाच्या आदल्या दिवशी चेस्टरने हे भीतभीत काढलं.

“मीठ ठेवून दाखवतो वाटल्यास. या वेळी खरं तेवढं.”

“पुन्हा माझा रेनकोट घालून?”

“तसंच, रेनकोटाशिवाय.”

“म्हणजे आता गावभर माझं खरं वजन फिरवणार! काही नको.” जेनेव्हीव्हने भांडी पुसायचा टॉवेल खुंटीला लावला. “बहिणीला फोन करून सांगितलंय मी. ब्यूकमध्ये तिचा नवरा बसेल.”

उत्सवाच्या दुपारी चेस्टर पिएरोगीच्या टेबलापासून लांब उभा होता. बुशाने ताट भरून आणलं तर त्याने हात आडवा केला.

“नको, बुशा. चाकं जुळवलीत. वजन बदलायला नको.”

“सकाळपासून काही खाल्लंय का याने?” बुशाने जेनेव्हीव्हला विचारलं.

“कॉफी.”

“चेट,” जेनेव्हीव्ह म्हणाली, “खा. नाही खाल्लंस तर उजवीकडे जाईल.”

यात तथ्य होतं. चेस्टरने खाल्लं, आणि चूक नेमकी कोणत्या बाजूला होईल याचा अंदाज येईना म्हणून थोडं आणखी खाल्लं.

हार्लनची प्लिमथ स्मशान ओलांडून, चीजच्या जुन्या कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. एवढ्या लांब आजवर कुणी गेलं नव्हतं, म्हणून त्याने सॉसेजची माळ आधीच गळ्यात घालून घेतली. उजव्या सीटवरून त्याची बहीण उतरली आणि हात चोळत म्हणाली, “याचे हात म्हणजे कुऱ्हाडीचे दांडे.” त्यानंतर हिरवी ओल्ड्समोबाइल पुढे आली. जेनेव्हीव्ह आत बसली. खळग्यात व्यवस्थित बसली. सवयीने तिचा हात दाराच्या मुठीकडे गेला, मग तिने तो मागे घेतला.

गाडीने तीस मैलांचा वेग धरला. स्मशानाचं फाटक आलं. चेस्टरने स्टेअरिंग सोडून दोन्ही हात उजवीकडे दिले आणि जेनेव्हीव्हने ते आपल्या मांडीवर धरले. ग्रीसचा वास येत होता. स्मशानाची भिंत सरली. चीजच्या कारखान्याचं फाटक आलं आणि तेही मागे पडलं. मागून ओरडण्याचा आवाज येत होता, तो पुढे ऐकू येईनासा झाला. स्टेअरिंग समोर एकटंच किंचित थरथरत होतं, डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

“चेट,” जेनेव्हीव्ह समोर बघत म्हणाली, “मंगळवारी तू कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला नाहीस.”

“विसरलो.”

“आणि मॅरियनला फोन केला नाहीस. वाढदिवस होता तिचा.”

“तू केलास ना?”

“मी केला. तू केला नाहीस.”

असा मागचा आठवडा संपला, त्याच्या आधीचा सुरू झाला. अख्ख्या वर्षाची बाकी होती. रस्ता संपत आलाय हे दोघांच्या लक्षात यायला म्हणूनच उशीर झाला. टाउनलाइन रोड शेवटी आडव्या रस्त्याला मिळतो आणि त्यापलीकडे शेत आहे. उत्सवात हात सोडून त्या टोकापर्यंत कधी कुणी पोचलंच नव्हतं, त्यामुळे तिथे पोचल्यावर काय करायचं याचा नियम नव्हता.

“जेन, हात सोड.”

“सोडले तर फेरी संपेल.”

“जेन, पुढे रस्ता नाहीये!”

“ब्रेक आहे ना? पायाने दाब.”

चेस्टरने ब्रेक दाबला. टोकाला खडी होती. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती आडवा रस्ता ओलांडून, चर ओलांडून, नाकासमोर शेतात शिरली आणि बिटाच्या दोन सऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पानं दोन्ही दारांना सारखी टेकली.

हार्लनला यायला वेळ लागला. तो आधी रस्त्यावर थांबला आणि खाली वाकून टायरांच्या खुणा पाहिल्या. काळ्या दोन रेघा खडीपासून निघून थेट शेतात गेल्या होत्या, दोरी लावून ओढाव्यात तशा. त्याने एक डोळा मिटून त्यांच्यावरून नजर फिरवली. मग गळ्यातली सॉसेजची माळ काढली, ओल्ड्समोबाइलच्या आरशाला अडकवली आणि चेस्टरच्या खिडकीत वाकला.

“हेही शेत माझंच आहे,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“यंदा सरळ आलास पण.” एवढं बोलून तो बीट मोजायला निघून गेला.

इंजिन घुरघुरत होतं. बिटाचा ओला वास आत येत होता. चेस्टरचे हात अजून जेनेव्हीव्हच्या मांडीवरच होते.

“जेन, आता सोड.”

“पूर्ण थांबली का?”

“केव्हाच थांबली.”

“मग इंजिन बंद कर.”

“हात सोडल्याशिवाय कसं करू?”

जेनेव्हीव्हने थोडा विचार केला.

“राहू दे चालू,” ती म्हणाली. “तर मी कुठे होते? हां. इस्टर.”